गोष्ट सांगावी, पुरावाही विचारावा

‘उदगीरची लढाई, १७६०’ ही ओळ मुलांकडून दहादा घोकून घेतली, तरी परीक्षा संपताच ती विस्मरणात जाते. आता तीच हकीकत जरा निराळ्या तऱ्हेने सांगून पाहा. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर-औशाचा मुलूख. पूर्वी निजामाच्या पदरी असलेला इब्राहिमखान गारदी आता सदाशिवरावभाऊंच्या बाजूने तोफा डागीत आहे, आणि समोर आहे त्याच्याच जुन्या धन्याची फौज! निजाम तह करतो; दौलताबादेसारखा किल्ला मराठ्यांना मिळतो. पण वर्षही पुरते सरत नाही, तोच हे दोघे पानिपतावर उभे राहतात आणि १४ जानेवारी १७६१ नंतर परतत नाहीत.

एवढे ऐकल्यावर कोणते मूल “का बरे?” असे विचारणार नाही? हा प्रश्न मनात आला, की इतिहासाच्या अभ्यासाला आरंभ झाला म्हणून समजावे. पोवाडा आणि कीर्तन यांनी हे मर्म शाळांच्या कितीतरी आधी ओळखले होते.

पण गोष्टीला एक खोडही आहे: ती फार गोड लागते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने तानाजीचे बलिदान घरोघर पोहोचवले. कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नाव त्या बलिदानामुळे मिळाले, असे त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांना वाटत आले. तानाजी पडला तो १६७० साली. ‘सिंहगड’ हे नाव मात्र १६६३ च्या शिवकालीन पत्रातच आढळते. म्हणून तानाजीचा पराक्रम का उणा होतो? मुळीच नाही. नावाची कथा तेवढी बाजूला ठेवायची.

ही निवड कशी करावी, याचा धडा नांदेडच्याच एका शिक्षकाने घालून दिला आहे. तेथील पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला दीर्घ प्रस्तावना लिहिली. कादंबरीच्या दाराशीच त्यांनी वाचकाला साधनांची छाननी करायला लावले. ललितकृतीचा मान राखूनही इतिहासाचा काटा हलू न देण्याची ही रीत होय.

दिवाळीत मुले मातीचा किल्ला रचतात, त्यावर मावळे मांडतात. त्यांना गोष्ट अवश्य सांगावी, रंगवून सांगावी. मात्र शेवटी हळूच विचारावे, “बाळांनो, हे आपल्याला कशावरून कळले?”