रुपया आणि पौंड : हुंडणावळीचा जुना तंटा

एका देशाचे नाणे देऊन दुसऱ्या देशाचे नाणे किती मिळते, हा पेढीवरचा प्रश्न. त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे पुष्कळांना वाटते. रुपया वधारला की देशाची पत वाढली आणि उतरला की अब्रू गेली, एवढाच अर्थ वर्तमानपत्र वाचताना आपण घेतो. पण रुपया आणि ब्रिटिश पौंड यांच्या हुंडणावळीचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही. हा दर ठरविणे म्हणजे कोणाच्या पदरचे किती काढून कोणाच्या पदरात टाकावयाचे हे ठरविणे होय, असे आम्हांला दिसते. आज तेवढाच मुद्दा श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

हिशेबासाठी इतके ध्यानात ठेवावे की, त्या काळी पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स होत. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. तेव्हा सोन्याच्या मानाने चांदीचा जो भाव तीच हुंडणावळ. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग पडत, म्हणजे पौंडाला १० रुपये.

पुढे जर्मनीने सुवर्णमान स्वीकारून आपली चांदी विकावयास काढली. युरोपातील इतर राष्ट्रांनीही टांकसाळींची दारे चांदीला लावून घेतली, आणि तिकडे अमेरिकेतील खाणींतून नवी चांदी येतच होती. चांदी उतरली आणि तिच्या पाठोपाठ रुपयाही उतरला. १८९२-९३ मध्ये तो १ शिलिंग ३ पेन्सांवर आला.

यात कोणाचे काय गेले? हिंदुस्थान सरकारला कर्जावरील व्याज, पेन्शनी, लष्करी खर्च अशा अनेक बाबींसाठी दरसाल विलायतेस पौंडांत पैसे पाठवावे लागत. एक कोटी पौंड पाठवावयाचे तर रुपया २ शिलिंगांचा असताना १० कोटी रुपये पुरत. तो १ शिलिंग ३ पेन्सांचा झाला की १६ कोटी लागत. वरचे ६ कोटी रयतेकडूनच यावयाचे. गोऱ्या अधिकाऱ्यांचीही कुचंबणा झाली. त्यांना घरी पौंड धाडावयाचे असत. त्यांना १८९३ साली हुंडणावळीची नुकसानभरपाई म्हणून भत्ता मिळाला. रयतेला भत्ता देणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपया दुर्मिळ करून महाग करावयाचा, हा बेत. तो काही वर्षांनी साधला, आणि १८९९ साली १५ रुपयांना एक पौंड, म्हणजे रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स, हा दर कायद्यात बसला. सरकारचा ताळेबंद सावरला. पण ज्या कुणब्याची शिल्लक बायकोच्या अंगावरील चांदीत होती, त्याची चांदी आता रुपयाच्या बरोबरीची राहिली नाही. सारा मात्र रुपयांतच भरावयाचा होता.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. उतरता रुपया निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला लाभतो, म्हणून तो सर्व देशाला हितकर, असा पक्ष त्या काळी जोरात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात त्याची चिकित्सा केली. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणून व्यापाऱ्याचा हा नफा बाहेरून आलेला नसून बराचसा मजुराच्या पोटातून काढलेला असतो, हे त्यांनी दाखविले. आमच्या मते या वादातील हा सर्वांत मोलाचा विचार आहे.

पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली आणि रुपयाही चढला. १९२० साली सरकारने तो २ शिलिंग सोन्याइतका धरून ठेवण्याचा हट्ट धरला. त्या आधीच्या समितीत दादिबा दलाल यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवून जुना १ शिलिंग ४ पेन्सांचाच दर राखा, असे बजावले होते. ते ऐकले गेले नाही. सरकारने सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या लंडनवरील हुंड्या स्वस्तात विकल्या, आणि तरीही दर टिकला नाही. गंगाजळी मात्र रोडावली.

मग १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने १ शिलिंग ६ पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोध नोंदविला. तरी १९२७ साली १८ पेन्सांचाच कायदा झाला. पौंडाला आता १३ रुपये ५ आणे ४ पै. दोन पेन्सांसाठी एवढा गदारोळ का? कापसाच्या ज्या मालाला विलायतेत १५ पौंड येत, त्याचे १६ पेन्सांच्या दराने २२५ रुपये होत. १८ पेन्सांच्या दराने २०० च. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र जिथल्या तिथे. दुसरीकडे विलायती कापड स्वस्त झाले आणि सरकारचा विलायती खर्च हलका झाला. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा हा बोजा अधिकच जाणवला. १९३१ साली इंग्लंडने सुवर्णमान सोडला, तरी रुपया त्याच दराने पौंडाला बांधलेला राहिला.

स्वातंत्र्यानंतरही हा दर बरीच वर्षे चालला. १९४९ साली पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले, म्हणून दोघांतील प्रमाण बदलले नाही. ६ जून १९६६ रोजी आपल्याच सरकारने ते मोडले. पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. निर्यातीला वाव मिळावा हा हेतू होता. पण परदेशी कर्जाचा रुपयांतील आकडाही एका दिवसात फुगला. १९७५ साली पौंडाशी असलेली गाठ सुटली आणि १९९३ पासून दर मुख्यतः बाजारात ठरू लागला.

राज्यकर्ते बदलले, नाणी बदलली, तरी हिशेबाची मूळ रीत तीच आहे. चढत्या रुपयाने आयात करणाऱ्याचे आणि परदेशी देणेकऱ्याचे साधते, उतरत्याने निर्यात करणाऱ्याचे. आणि ज्याची मजुरी भावांच्या मागे रेंगाळते तो दोन्ही वेळा सांभाळून राहिला पाहिजे. परकीय सरकारने हा निवाडा रयतेला न विचारता केला. आता तो आपण निवडून दिलेल्यांच्या देखरेखीखाली होतो. म्हणून दराची बातमी वाचताना मानापमान बाजूला ठेवून तिचा जमाखर्च मांडून पाहणे, हे नागरिकाचे कामच आहे.