राजस्त्रियांची शिरोभूषणे (सिंधुदुर्ग)

सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्यातील, तसेच एकेकाळी मालवण किनाऱ्यावर सत्ता असलेल्या करवीर (कोल्हापूर) छत्रपतींच्या घराण्यातील स्त्रियांनी समारंभप्रसंगी डोक्यावर धारण करावयाचे वस्त्र व अलंकार. इंग्लंडच्या राजघराण्यात दिवसाच्या समारंभाला हॅट आणि रात्रीच्या मेजवानीला रत्नजडित टिआरा असा शिरस्ता आहे. तशी स्वतंत्र टोपी मराठा राजस्त्रियांच्या वेषात नाही. त्यांचा दरबारी मान डोईवरच्या पदरात आहे. त्या पदराखाली अंबाड्यावर सोन्याची लेणी आणि ताजी फुले असतात. पगडी, मंदील, शिरपेच, तुरा ही पुरुषांची भूषणे, आणि मुकुट देवाचा.

पदर. समारंभातला पदर घेण्याला रीत आहे. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर जातो, तेथून डोक्यावर येतो आणि उजव्या खांद्यावरून पुढे उतरतो; टोक उजव्या हाताशी धरतात किंवा कमरेला खोचतात. काठ केसांच्या रेषेच्या किंचित मागे बसला पाहिजे. भांगाचा थोडा भाग आणि कपाळावरचे कुंकू पूर्ण दिसले पाहिजे. पैठणीचा भरजरी पदर जड असतो, म्हणून सारखा मागे ओढला जातो. चंदेरी हलकी, त्यामुळे ती डोक्यावर बसते पण वाऱ्याने उडते. अंबाडा घट्ट आणि जरा वर बांधलेला असला तर पदराला आतून टेकू मिळतो. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करताना पदर ढळू न देणे हे घरंदाजपणाचे लक्षण मानले जाई, आणि लग्न होऊन आलेल्या मुलीला ते मुद्दाम शिकवले जाई. पदराला पिना लावण्याची सोय अलीकडची.

जुना संदर्भ. राणीच्या कपाळावर सोन्याचा पट्ट बांधण्याची चाल भारतात फार जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पट्टांची मापे दिली आहेत. मध्यभागी राजाचा पट्ट ८ अंगुळे रुंद, राणीचा ७, युवराजाचा ६ आणि सेनापतीचा ४. राजाच्या पट्टाला ५ शिखा, राणी व युवराज यांच्या पट्टाला प्रत्येकी ३, सेनापतीच्या पट्टाला १. रुंदीत राणी युवराजाच्या वर आणि शिखांत त्याच्या बरोबरीने, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पट्टराणी हा शब्द मराठीत टिकला, पट्ट मात्र वापरातून गेला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी सोयराबाई पट्टराणी म्हणून शेजारी बसल्या.

अंबाड्यावरील लेणी. मूद म्हणजे अंबाड्याच्या मध्यभागी बसवायची सोन्याची गोल, किंचित फुगीर चकती. तिच्यावर फुलाची किंवा वेलीची नक्षी ठोकलेली असते. राखडी आकाराने लहान, बहुधा माणिक-पाचू जडवलेली. केवडा किंवा केतक हे केवड्याच्या पानाच्या घाटाचे लेणे. चंद्रकोर व बिजवरा भांगाजवळ किंवा कपाळाच्या वरच्या बाजूला येतात. लहान मुलींच्या व नव्या नवरीच्या वेणीला सोन्याची फुले आणि शेवटी गोंडे. कानातल्या जड कुड्यांचा भार पेलण्यासाठी मोत्यांचा वेल कानावरून केसांत अडकवतात. बुगडी कानाच्या वरच्या पाळीवर. यातली अंबाड्यावरची लेणी पाठीमागून पाहायची आणि बव्हंशी पदराखाली झाकलेली. मराठा दरबारात राजस्त्रिया चिकाच्या पडद्याआड बसत. त्यांची लेणी दिसत ती हळदीकुंकू, बारसे, लग्न अशा बायकांच्या समारंभात. दुरून दिपवण्यासाठी ती घडवलेलीच नाहीत. शेजारी बसलेल्या बाईने घडण ओळखावी, एवढ्याच अंतरासाठी ती आहेत. टिआराचे प्रयोजन याच्या अगदी उलट. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी राणी मेरीकरिता लंडनच्या गॅरार्ड पेढीने घडवलेला उंच टिआरा सबंध मैदानाला दिसावा असाच होता.

सावंतवाडीचा राजवंश. लेण्यांच्या घडणी सोयरिकीबरोबर फिरतात, आणि वाडीच्या सोयरिकी मोठ्या घरांशी झाल्या. तिसऱ्या खेम सावंतांचा (कारकीर्द १७५५–१८०३) १७६३ मध्ये जयाजी शिंद्यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह झाला. या नात्यामुळे दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला. करवीरकरांना तो मान सहन झाला नाही आणि त्यांनी वाडीच्या मुलखावर चाल केली. एका सुनेच्या माहेराने घराण्याचा दर्जा बदलल्याचे हे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाड घराण्याशी संबंध जुळले. राणी पार्वतीदेवी आणि पुढे राजमाता सत्वशीलादेवी या दोघी बडोद्याकडच्या.

राज्यकर्त्या स्त्रिया आणि पदर. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अलंकारांच्या यादीत सापडत नाही. या किनाऱ्यावर ज्या राजस्त्रियांनी प्रत्यक्ष राज्य केले, त्या जवळजवळ सगळ्या विधवा होत्या. १८०३ मध्ये खेम सावंत वारले; नंतर लक्ष्मीबाई आणि त्यांच्यामागून दुर्गाबाई यांनी वाडीचा कारभार पाहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, तेव्हा करवीरची गादी दुसऱ्या संभाजींच्या पत्नी जिजाबाई सांभाळत होत्या. त्यांच्या आधी ताराबाई. पाचवे खेम सावंत उर्फ बापूसाहेब महाराज १९३७ मध्ये निवर्तले आणि पुत्र शिवराम राजे अल्पवयीन असल्याने पार्वतीदेवींनी रीजंट म्हणून संस्थान चालवले. वैधव्याबरोबर कुंकू, फुले, मूद, राखडी काढून ठेवण्याचा रिवाज मराठा घरांत कडक होता. म्हणजे राणीच्या हाती सत्ता आली तेव्हा रिवाजाने तिच्या डोक्यावर पदर तेवढा उरत असे. किल्ल्यांचे करार, फौजेची तजवीज, दत्तकाचे तंटे हे सारे त्या पदराखालून झाले. सौभाग्याची लेणी म्हणून संग्रहालयात मांडलेल्या दागिन्यांवरून या स्त्रियांचे मोल करणे अन्यायाचे आहे.

चित्रांतली अनुपस्थिती. सावंतवाडीच्या हातरंगी दशावतारी गंजिफ्यात (पत्त्यांच्या जोडात) १० रंगांची मिळून १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान आहे, राणी एकातही नाही. ही कला अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा शिवराम राजे आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आश्रय दिला. सत्वशीलादेवी स्वतः रंगवायला शिकल्या. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मोती तलावाच्या काठी राजवाड्याच्या दरबार दालनात आजही कारागीर पाने रंगवताना दिसतात. राजांची आसने, छत्रे, मुकुट बारीक कुंचल्याने उमटवणारी ही परंपरा एका राणीने वाचवली, हे या नोंदीत लिहून ठेवणे अवश्य आहे.

फुले. कोकणी राजस्त्रीच्या शिरोभूषणाला घाटावरच्यापेक्षा वेगळेपण येते ते फुलांनी. वेंगुर्ले तालुक्यात आसोली परिसरात सुरंगीची झाडे आहेत. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस येतात. त्या पहाटे काढून लगेच ओवाव्या लागतात, कारण ऊन चढले की कळी उमलून पाकळ्या झडतात. सुरंगीचा वळेसर (गजरा) सुकला तरी त्याचा वास जात नाही. म्हणून बायका तो कपड्यांच्या घडीत जपून ठेवतात. अबोलीला वास नाही, पण तिचा केशरी रंग काळ्या अंबाड्यावर खुलतो आणि माळ दिवसभर टिकते. या दोन फुलांच्या बाबतीत राणी आणि कुळवाडीण यांच्यात फरक नव्हता.

विवाहातील शिरोवेष. मराठा विवाहात वधूवरांना मुंडावळ्या व बाशिंग बांधतात. बाशिंग पूर्वी भेंडाचे करत, त्यावर बेगड आणि रंगीत कागद लावत. वजनाला ते अगदी हलके. राजघराण्यातही विधीचे बाशिंग असतेच, आणि मुंडावळ्या मोत्यांच्या असतात. नवरी कपाळावर उभे शिरोभूषण बांधते ते एवढ्या एका प्रसंगी.

सद्यःस्थिती. विसाव्या शतकात नऊवारीची जागा पाचवारीने घेतली. बडोद्याच्या इंदिराराजे कूचबिहारला राणी म्हणून गेल्या. त्यांनी फ्रेंच शिफॉनची साडी रूढ केली आणि संस्थानी स्त्रियांचा पदर एकदम हलका झाला. अंबाडा सुटला तशी मूद व राखडी पेटीत गेली. अलीकडच्या मालिका, फलक आणि शोभायात्रांत मराठा राण्यांच्या डोक्यावर उंच मुकुट चढवतात. त्याला मराठा दरबारी वेषात आधार नाही, तो नाटक-सिनेमाचा वेष आहे. चित्रकारांनी काठाचा पदर, खाली अंबाडा आणि कपाळावर कुंकू एवढे जरी नीट काढले तरी राणी ओळखू येते. सिंधुदुर्गातील जुन्या घरांत आजीची मूद, केवडा किंवा वेल शिल्लक असेल, तर सोनाराकडे मोडीत देण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे, वजन करावे आणि ती कोणाच्या माहेरून आली हे लिहून ठेवावे.