‘विठ्ठल’ नामाची व्युत्पत्ती व नामाचा अधिकार

‘विठ्ठल’ या नामाच्या दोन उपपत्ती विशेष विचारार्ह आहेत. रा. गो. भांडारकर यांनी 1913 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे रूप ‘विष्णु’ शब्दाच्या कानडी अपभ्रंशापासून सिद्ध झाल्याचे प्रतिपादिले. होयसळ राजा विष्णुवर्धन हा ‘बिट्टिदेव’ म्हणूनही ओळखला जाई, ही गोष्ट या मतास पोषक आहे. उलट, पंडितपरंपरेने नामाची अक्षरे फोडून ‘ज्ञानशून्य जनांचा ज्ञानाने स्वीकार करणारा’ असा अर्थ लाविला.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही दुसरी फोड टिकत नाही. तथापि भक्तांनी नामात काय पाहिले, याचा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे. शास्त्राध्ययनाचा अधिकार ज्यांना नाकारला होता, त्यांनाही नामस्मरण मोकळे होते. त्यास ना दीक्षा लागे, ना पुरोहित.

मात्र या समतेस मर्यादा होती. चोखामेळ्याच्या मुखी विठ्ठलनाम होते, परंतु मंदिरप्रवेश त्यास नव्हता. त्याची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. अस्पृश्य मानलेल्यांसाठी ते द्वार उघडले, ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. नामाने जो स्वीकार शतकांपूर्वी केला, तो मंदिराने करावयास इतका काळ लागला.