शमुएल (समाजी)

मुलाचे हिब्रू नाव. मूळ उच्चार 'श्मुएल'. मराठी बायबलात ते 'शमुवेल' असे येते, इंग्रजी वळणाने 'सॅम्युएल' होते आणि कोकणातल्या बेने इस्राएल घरांत 'समाजी'.

'शेम' म्हणजे नाव व 'एल' म्हणजे देव. त्यावरून 'देवाचे नाव' किंवा 'ज्याचे नाव देव आहे तो' असे अर्थ लावले जातात. बायबलातली कथा वेगळा अर्थ सांगते. एलकानाची निपुत्रिक पत्नी हन्ना शिलो येथे नवस बोलते आणि मुलगा झाल्यावर, परमेश्वराकडे मागून घेतला म्हणून, हे नाव ठेवते. परंतु 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू 'शाअल' आहे व त्यापासून सरळ बनणारे नाव शौल हे होय. व्याकरणाचा कौल पहिल्या अर्थाला जातो. तरीही हन्नाची कथा सोडून हे नाव समजून घेता येत नाही. नवसाचा मुलगा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हाच शमुएल पुढे संदेष्टा झाला आणि त्याने शौल व दावीद या दोघांना राजपदाचा अभिषेक केला.

बेने इस्राएलांत मुलाचे नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवतात. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शब्बाथ पाळणारे हे लोक कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. हिब्रू नावांना त्यांनी मराठी 'जी' जोडला : शमुएलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी. पुढे वडिलांचे नाव आणि गावावरून आडनाव, ही रीतही इथलीच. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या नावातले 'सॅम्युएल' हे त्यांच्या वडिलांचे नाव होय.

या नावाचा सर्वांत प्रसिद्ध मराठी धारक समाजी हसाजी दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी असलेला हा शिपाईगडी इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. कैद्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगताच, या लोकांचा उल्लेख कुराणात आहे असे म्हणून टिपूच्या आईने त्यांना वाचवले, अशी समाजात आख्यायिका आहे. सुटकेनंतर समाजीने 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात 'शाअर हारहमीम' (दयेचे द्वार) हे सिनेगॉग बांधले. हे मुंबईतले पहिले सिनेगॉग. तोराच्या गुंडाळ्या आणण्यासाठी तो कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तिथेच वारला. मुंबईतल्या मांडवीतला सॅम्युएल स्ट्रीट त्याच्याच नावाचा, असे मानले जाते. एका नवसाने आलेले नाव धारण करणाऱ्याने नवस फेडावा तसे हे बांधकाम केले, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्हे परिसराशीही या नावाचा संबंध दोन प्रकारे जोडता येतो. पहिला भूगोलाचा. पंतसचिवांच्या भोर संस्थानात 1948 च्या विलीनीकरणापर्यंत घाटाखालचा सुधागड तालुकाही होता. त्याला लागूनच रोहे-अष्टमीचा मुलूख. रोहेकर व अष्टमकर ही बेने इस्राएल आडनावे तिथलीच. दुसरा नावाच्या घडणीचा. भोर तालुक्यातल्या कारीचे कान्होजी जेधे आणि भुतोंड्याचे येसाजी कंक यांच्या नावांत जो 'जी' आहे, तोच समाजीत आहे. म्हणून समाजी हा शमुएलचा अपभ्रंश म्हणून खाली टाकू नये. ते स्वतंत्र मराठी नाव मानावे.

घाटावर पुण्यात रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएलांचे सिनेगॉग 1921 चे आहे. म्हणून घाटावरचीही जुनी दप्तरे चाळणाऱ्यांना समाजी, हसाजी किंवा आबाजी भेटल्यास केवळ नावावरून जात ठरवू नये, पुढचे आडनाव व गावही पाहावे.