पैसे, वेळ आणि रांग: तक्त्याची पहिली ओळ कोणती?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक तक्ता टाकला होता आणि खरं सांगते, मला तो फार आवडला होता. विषय अमेरिकेतल्या फ्लोरिडामधलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि तिथले रांग टाळण्याचे पास. ऑक्टोबर 2021 मध्ये हा पास माणशी, दिवसाला 15 डॉलर. डिसेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात तोच 39 डॉलरपर्यंत गेलेला. ऑक्टोबर 2024 मध्ये आणखी एक वरच्या पायरीचा पास आला, त्याचा सगळ्यात महागडा दर 449 डॉलर. शेवटच्या रकान्यात चौघांच्या कुटुंबाचा हिशेब: 60, 156, 1796. आणि हे सगळं प्रवेशाच्या तिकिटाच्या वर. शीर्षक दिलं होतं, ‘रांगेची वाढती किंमत’.

गाइड मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, “पहिली ओळ 2021 चीच का?”

मी म्हटलं, “मॅडम, दर तेव्हापासूनचे मिळतात.”

“म्हणजे इतिहास तुझ्या एक्सेलपासून सुरू झाला का?”

पुढचे तीन महिने या एका प्रश्नात गेले. पेट देऊन आता मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय, कारण ‘कालखंड असाच का निवडला?’ हा प्रश्न इतिहासाच्या मुलाखतीत येतोच येतो, आणि ‘माहिती उपलब्ध होती म्हणून’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नसतं.

आधी तक्त्यातली साधी चूक सांगून टाकते. 2021 मधले 15 डॉलर हा सरसकट दर होता, कोणत्याही दिवशी तोच. ऑक्टोबर 2022 पासून दर तारखेप्रमाणे बदलायला लागला, आणि 2023 च्या उन्हाळ्यापासून कोणत्या पार्कला जाताय यावरही. 39 डॉलर हा नाताळच्या सुट्टीतला, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांचा दर. म्हणजे मी एका साध्या मंगळवारची तुलना नाताळाशी करत होते. आणि 449 चा पास तर वेगळीच वस्तू आहे. त्यात वेळ आधी ठरवावी लागत नाही, हवं तेव्हा जाऊन वेगळ्या लेनमधून आत शिरता येतं. त्याचा सुरुवातीचा दरपट्टा 129 ते 449 डॉलर असा होता. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाखाली एक लिहून मी ‘वाढ’ म्हणत होते. वाढ झाली नाही असं नाही. ती मी दाखवली तशी मोजता येत नाही, एवढंच.

आता मोठी चूक. त्यासाठी 1955 ला जावं लागतं.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं 17 जुलै 1955 ला. तेव्हा दारावर प्रवेशाचे थोडे पैसे आणि आत प्रत्येक राइडचे वेगळे पैसे, आपल्या जत्रेसारखंच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कूपनांची पुस्तकं आली. कूपनांना अक्षरं होती. ‘ए’ म्हणजे साधंसुधं, ‘सी’ म्हणजे त्यातल्या त्यात बरं. मग ‘डी’ आलं, आणि 1959 मध्ये मॅटरहॉर्न, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाली तेव्हा ‘ई’ आलं. ‘ए’ 10 सेंटचं, ‘ई’ 50 सेंटचं. ‘ई-तिकीट’ हा शब्द अमेरिकन बोलण्यात इतका मुरला की 1983 मध्ये सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री अंतराळात गेली, तेव्हा उड्डाणाचं वर्णन करायला तिने तोच वापरला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जास्त मागणी असलेल्या राइडला जास्त पैसे मोजायचे, ही कल्पना 2021 ची नाही. ती 1959 मध्ये कूपनावर छापलेली होती. फरक असा की ‘ई’ कूपन ज्याच्याकडे आहे तोही रांगेतच उभा राहायचा. त्या पैशाने राइड मिळायची, पुढचा नंबर मिळायचा नाही.

टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्जने 1961 पासूनच एकदा दारावर पैसे घ्यायचे आणि आत सगळं मोकळं, अशी पद्धत ठेवली होती. डिस्नेने 1982 मध्ये कूपनं बंद केली आणि तीच वाट धरली. आता राइडला स्वतंत्र किंमत उरली नाही. मग गर्दी आवरायची कशाने? वेळेने. पाचव्यांदा बसायचंय? बसा, पण पाचव्यांदा तास उभे राहा. माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने 1982 ते 1999 ही 17 वर्षं सगळ्यात महत्त्वाची आहेत, आणि नेमकी तीच कोणी फारशी लिहीत नाही, कारण त्या काळात रांगेला किंमतच नव्हती. किंमत नाही तर आकडा नाही, आकडा नाही तर तक्ता नाही. माझ्याच पहिल्या मसुद्यात ती वर्षं गायब होती.

1999 मध्ये फास्टपास आला. राइडच्या बाहेर यंत्र. त्यात आपलं प्रवेशाचं तिकीट घालायचं, चिठ्ठी यायची, चिठ्ठीवर परत यायची तासाभराची वेळ. तेवढ्यात दुसरीकडे फिरा, खा, आणि त्या वेळेत येऊन छोट्या रांगेतून आत जा. पैसे शून्य. घरातला एक माणूस, बहुधा वडीलच, सगळ्यांची तिकिटं घेऊन सकाळी सकाळी त्या यंत्राकडे पळतोय, हे त्या काळच्या प्रवासवर्णनांत पुन्हा पुन्हा भेटतं. 2013-14 मध्ये हेच मनगटपट्टा आणि अ‍ॅपवर गेलं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना 60 दिवस आधीपासून वेळा ठरवता यायच्या, बाकीच्यांना 30 दिवस. अजूनही वेगळे पैसे नव्हते, पण फुकट म्हणजे सगळ्यांना सारखं असंही नव्हतं. पूर्वी पळणारा जिंकायचा, आता आधी ठरवणारा जिंकायला लागला. दोन महिने आधी रजा नक्की होणारा नोकरदार एकीकडे आणि आयत्या वेळी सुट्टी मिळणारा दुसरीकडे, असा भेद त्यात बसलेला होताच.

आणि बाहेर तर रांग टाळणं विकायला कधीच सुरुवात झाली होती. 2001 मध्ये सिक्स फ्लॅग्जच्या जॉर्जियातल्या पार्कमध्ये लो-क्यू या ब्रिटिश कंपनीचं क्यू-बॉट नावाचं छोटं यंत्र भाड्याने मिळायला लागलं, तुमचा नंबर आला की ते सांगायचं. युनिव्हर्सल ऑरलँडोचा एक्सप्रेस पासही डिस्नेच्या कितीतरी आधीपासून विकत मिळतो. खुद्द डिस्नेलँडमध्ये 2017 च्या जुलैत मॅक्सपास आला, 10 डॉलरचा. म्हणजे 2021 ला काही आभाळ कोसळलं नव्हतं. कोविडच्या बंदनंतर पार्क उघडले तेव्हा फास्टपास बंदच राहिला, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन घ्यायचा जिनी प्लस आला, इतकंच. पॅरिस आणि टोकियोतही पुढेमागे हेच झालं. जुलै 2024 मध्ये जिनी प्लसचं नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं.

आता गणिताकडे येते, कारण इथे मी स्वतः फसले होते.

समजा एका राइडमध्ये तासाला 1500 माणसं बसतात. त्यातल्या 1200 जागा पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला 300 उरल्या. साध्या रांगेत 600 जण असतील तर शेवटच्याला दोन तास. पास नसता तर 600 जणांना 24 मिनिटं. मी लगेच लिहून टाकलं: पासमुळे वाट पाहणं पाचपट झालं! मॅडमनी समासात लिहिलं, “मग ते 1200 कुठे गेले?” खरंच की. पास नसता तर तेही याच रांगेत असते. मग ही रांग 600 ची राहिलीच नसती.

तर मग पासमुळे एकूण वाट वाढते की नाही? मला पटलेलं उत्तर असं. पासवाला माणूस एका राइडच्या वेळेची वाट बघत असताना दुसऱ्या राइडच्या रांगेत उभा असतो. म्हणजे एक माणूस एकाच वेळी दोन रांगांत. पार्कची क्षमता मात्र तेवढीच. 2021 मध्ये डिफंक्टलँड या यूट्यूब वाहिनीने फास्टपासच्या इतिहासावर दीड तासाहून मोठा माहितीपट केला. त्यात संगणकावर एक काल्पनिक पार्क उभारून हेच तपासलंय: फास्टपास आला की लोकप्रिय राइडच्या साध्या रांगेतली वाट वाढते. विद्यापीठाबाहेरच्या माणसाने केलेलं काम म्हणून नाक मुरडू नका, त्यातली मांडणी अनेक पेपरांपेक्षा स्वच्छ आहे. मात्र सिम्युलेशन म्हणजे पुरावा नव्हे, हेही तळटीपेत लिहा.

हे पटलं की किमतीकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. पास घेणारा जी वाट टाळतो, ती वाट लांबवण्यात पासचाही हात असतो. जितके जास्त लोक घेतात तितकं न घेणं महाग पडतं. माझ्या मते दर वाढूनही लोक का घेतात याचं निम्मं उत्तर इथे आहे. ‘लोकांना हौस आहे’ हे उरलेलं निम्मंही नाही.

आणि ‘लोक’ म्हणजे कोण? इथे कुटुंब हे एकक घेतल्यावर गोष्टी दिसतात. तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेशाचं तिकीट लागत नाही. तीन पूर्ण झाली की मुलाच्या तिकिटात थोडी सूट, पण पासच्या दरात मुलांना सूट नाही. चार वर्षांच्या पोराला चाळीस वर्षांच्या बापाइतकाच दर. त्यातून काही राइडला उंचीची अट, म्हणजे पैसे भरलेल्या राइडवर धाकटा बसूच शकत नाही. त्यासाठी आईबापांनी आळीपाळीने बसण्याची एक फुकट सोय आहे, तिची माझ्या तक्त्यात नोंदच नव्हती, कारण तिला किंमत नाही. पुन्हा तीच चूक.

माझी मावशी गेल्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेली होती, तिथून सगळे ऑरलँडोला जाऊन आले. माझी मावसबहीण सकाळी सातला अ‍ॅप उघडून बसायची. मावशी मला फोनवर म्हणाली, “अगं, न थांबण्याचे पैसे वेगळे. मग आधी जे एवढे दिले ते थांबण्याचे होते का?” हे वाक्य मला प्रस्तावनेत घालायचं होतं. मॅडम नको म्हणाल्या.

याच वेगळ्या लेनमधून आणखी एक गट जातो, ज्यांना साध्या रांगेत उभं राहणं अपंगत्वामुळे शक्य नाही असे लोक. 2013 मध्ये श्रीमंत कुटुंबं या सवलतीसाठी अपंग व्यक्तींना ‘गाइड’ म्हणून भाड्याने घेतात, अशी बातमी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने छापली आणि त्याच वर्षी डिस्नेने जुनं कार्ड बदलून नवी पद्धत आणली. 2024 मध्ये ती पद्धत आणखी आवळली गेली, मुख्यतः ऑटिझम किंवा त्यासारखी विकासात्मक अक्षमता असलेल्यांपुरती. त्यावर वाद आणि कोर्टकज्जे झाले. लेन एकच, तिच्यातली जागा विकायचीही आणि सवलत म्हणून द्यायचीही. जागेला किंमत आली की सवलतीकडे संशयाने बघितलं जाणार, हे मला दरवाढीपेक्षा गंभीर वाटतं.

तर पहिली ओळ कोणती? 2021 घेतलं तर ‘दर वाढले’ ही गोष्ट मिळते. ती ग्राहकाच्या तक्रारीला सोयीची. 1999 घेतलं तर ‘फुकटचं विकत झालं’, ही हळहळणाऱ्यांची गोष्ट. 1955 घेतलं तर ‘पैसे तर पहिल्यापासूनच होते’, आणि ही कंपनीला सोयीची. तिन्ही खऱ्या. मी 1955 घेतलं, पण दराचा तक्ता मोडून त्याजागी एक रकाना केला: त्या काळात पुढे जायला काय मोजावं लागत होतं? कूपन, मग पायावर उभा राहिलेला वेळ, मग पळणं, मग 60 दिवस आधीचं नियोजन, मग डॉलर. 1982 ची ओळ आता रिकामी नाही.

साधनांबद्दल एक इशारा. 1955 ची कूपनं संग्राहकांकडे सापडतात, त्यांवर अक्षर आणि किंमत छापलेली असते. 2022-23 चा दर मात्र त्या त्या दिवशी अ‍ॅपवर दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथे नवा आकडा. रोजचे दर कुठे मिळाले तर ते चाहत्यांच्या संकेतस्थळांवर, ज्यांनी चिकाटीने नोंदवून ठेवले त्यांच्याकडे. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा पुरावा सत्तर वर्षांपूर्वीच्यापेक्षा नाजूक. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकावर किंवा देवस्थानांच्या सशुल्क दर्शनावर कोणी काम करणार असेल, तर आजचा दरफलक आजच फोटो काढून, तारीख घालून ठेवा. माझ्याकडे 2022 मधले सलग सात आठवडे नाहीत. तिथे मी रेघ मारलीय आणि का मारली ते लिहिलंय.