घरची बोली, शाळेची भाषा

मंडळी, आपली मुलं इथल्या शाळेत गेली की घरची भाषा दाराबाहेरच राहते. हे दुखणं फक्त मराठी घरांचं नाही. मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे १९७७ साली काही कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने खटला भरला गेला. ही मुलं घरची, कृष्णवर्णीयांची इंग्रजी बोलायची आणि शाळा त्यांना 'मंद' समजायची. १२ जुलै १९७९ रोजी न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला: प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवताना घरची बोली लक्षात घ्या.

मुलांच्या बाजूच्या प्रमुख तज्ज्ञ होत्या जिनिव्हा स्मिदरमन. त्यांनी १९७७ सालच्या आपल्या संशोधनपर पुस्तकात काही मजकूर त्याच बोलीत लिहिला. नुसतं बोलीवर नाही, बोलीत!

आणि आपण? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. उत्तम झालं. पण त्यांची खानदेशी बोली कुणी उत्तरपत्रिकेत लिहिली, तर सहसा लाल शाईच वाट्याला येते.

मी कॉम्प्युटरवाला माणूस. नवी सिस्टिम आणताना जुनीतला डेटा आम्ही पुसत नाही, सोबत नेतो. मुलांना प्रमाण मराठी जरूर शिकवूया, पण आजीचा शब्द 'चूक' म्हणून खोडायला नको.