क्रीडानगरीतील ऊन आणि सावली

मुलांच्या करमणुकीसाठी जी विस्तीर्ण क्रीडानगरे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वसली, त्यांचा वृत्तांत लिहिणारे लोक बहुधा तेथील किल्ल्यांचा, आगगाड्यांचा आणि यांत्रिक चमत्कारांचा तपशील देऊन थांबतात. परंतु ज्या बालकांसाठी हा सारा खटाटोप झाला, त्यांना भर उन्हाळ्यात मोकळ्या आकाशाखाली दिवसभर सुखरूप कसे ठेवावे, हा प्रश्न या नगरांच्या कारभाऱ्यांना प्रथमपासून कसा छळीत आला आणि त्याची उत्तरे त्यांना कोणत्या क्रमाने सापडत गेली, ही हकीकत माझ्या मते त्या चमत्कारांहून अधिक मोलाची आहे. शाळांना सुट्टी उन्हाळ्यात, आणि ऊनही उन्हाळ्यातच. या एका योगायोगामुळे मुलांचा आनंद आणि सूर्याचा ताप यांची गाठ या धंद्यात कायमची पडलेली आहे.

वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्ये जात, मुली चक्री घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. त्या रिकाम्या वेळात, आईबाप आणि मुले यांना एकत्र रमता येईल अशी एखादी जागा असावी, ही कल्पना त्यांना सुचली असे ते स्वतः सांगत. कल्पना थोर होती यात शंका नाही. परंतु तिच्या पोटी एक अडचणही जन्मास आली, ती अशी की, बाकावर स्वस्थ बसणारा पालक आता मुलाचे बोट धरून रांगेत उभा राहिला, आणि पूर्वीच्या बागेत दोन घटका खेळून घरी परतणारे मूल आता सकाळपासून रात्रीपर्यंत तापलेल्या फरसबंदीवर चालू लागले.

या जागेसाठी अ‍ॅनाहाइम गावाजवळचा सुमारे १६० एकरांचा मुलूख पसंत करण्यात आला. हे गाव १८५७ साली जर्मन द्राक्षबागाइतदारांनी वसविलेले. पुढे रोगाने द्राक्षवेली नष्ट झाल्या, संत्र्यांच्या बागा आल्या, आणि त्याच बागा तोडून १९५४ साली डिस्नेलँडच्या बांधकामास प्रारंभ झाला. यांतील काही जुनी झाडे राखून ठेवण्यासाठी त्यांवर रंगीत फिती बांधण्यात आल्या होत्या, परंतु यंत्र चालविणाऱ्यास रंगांधळेपण असल्यामुळे तीही गेली, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, सावलीच्या दृष्टीने जागा उजाड झाली एवढे खरे. एक खजुराचे झाड मात्र वाचले. पूर्वीच्या मालकांच्या, म्हणजे डोमिंगेझ यांच्या, कुटुंबात १८९६ साली लग्नाचा आहेर म्हणून आलेले ते झाड कायम ठेवावे असा त्यांनी आग्रह धरला, तो मान्य झाला, आणि ते आजही तेथे उभे आहे.

१७ जुलै १९५५, रविवार, हा उद्घाटनाचा दिवस. पारा १०० अंश फॅरेनहाइटच्या घरात गेलेला. निमंत्रितांच्या खेरीज बनावट तिकिटांवर आत शिरलेल्यांची भर पडून जमाव सुमारे २८ हजारांवर पोहोचलेला. रस्त्यांवरचे डांबर इतके ताजे की स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. या सर्वांवर कळस म्हणजे नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे वेळ अपुरा पडला होता, आणि पिण्याच्या पाण्याचे नळ सुरू करावेत की शौचकूप, असा पेच मालकापुढे उभा राहिला होता. डिस्ने यांनी शौचकूप निवडले. लोकांना तहान लागली तर ते थंड पेये विकत घेतील, असा त्यांचा हिशेब होता. निर्णयाची लाचारी समजू शकते, तरी कडेवर मूल घेऊन कोरड्या नळाशी उभ्या राहिलेल्या मातेला ती समजण्याचे कारण नव्हते. पेये खपावीत म्हणूनच नळ बंद ठेवले, असा लोकांचा समज झाला. त्या नगरीत पुढे जे काही सुधारले, त्याचा पाया त्या एका दुपारच्या फजितीत आहे असे मला वाटते.

सावलीचे काम मॉर्गन ऊर्फ बिल इव्हान्स आणि त्यांचे बंधू जॅक यांच्याकडे होते. वर्षभराच्या मुदतीत रोपे वाढत नाहीत हे जाणून या बंधूंनी लॉस एंजेलिसभोवती त्या काळी आखल्या जात असलेल्या द्रुतगती मार्गांच्या आड येणारे, कुऱ्हाडीच्या धारेखाली आलेले मोठे वृक्ष मुळांसकट उचलून आणले. पैसा अखेरीस संपला, तेव्हा उरलेल्या जागेतील रानगवताला लॅटिन नावांच्या पाट्या लावून वेळ मारून नेण्यात आली. परंतु जे लागले ते वाढले. पुढे फ्लोरिडातील दुसऱ्या नगरीसाठी याच बिल इव्हान्स यांनी तीस टनांहून अधिक वजनाचा एक ओक वृक्ष दूरच्या जागेवरून हलविला, तो कसा, तर दोर बांधल्यास साल सोलून निघेल म्हणून खोडातून आरपार छिद्रे पाडून, त्यांत पोलादी कांबी घालून, त्या कांबींना धरून तो उचलला. पुढे त्या छिद्रांपाशी लाकूड रोगट झाले, ते कोरून काढून पोकळी भरावी लागली, तरी वृक्ष जगला. या क्रीडानगरांच्या साऱ्या यंत्रविद्येत इतके आदरणीय काम मला दुसरे आढळत नाही.

यंत्राने थंडावा निर्माण करण्याचा मार्ग मुलांच्या कळवळ्यातून निघाला नाही, हे नमूद केले पाहिजे. डिस्नेलँडमध्ये १९६३ साली बोलत्या-गात्या कृत्रिम पक्ष्यांचे ‘टिकी रूम’ हे दालन उघडले; पक्ष्यांना चालविणारी यंत्रसामग्री तापू नये म्हणून ते वातानुकूलित करणे भाग पडले, आणि तेथील ही पहिलीच वातानुकूलित जागा म्हणून गणली जाते. गारवा यंत्रांसाठी आला, त्याचा लाभ मुलांना झाला. टेक्सासमधील लोकांनी मात्र उष्म्याशी उघड सामना मांडला. आर्लिंग्टन येथे १९६१ साली उघडलेल्या ‘सिक्स फ्लॅग्ज’मध्ये दोनच वर्षांत ओंडक्याच्या आकाराची होडी उतरणीवरून पाण्यात झेपावणारा खेळ आला, भिजण्याचीच तिकिटावर विक्री होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. ह्यूस्टनचे माजी महापौर रॉय हॉफहाइन्झ यांनी १९६५ साली एक अख्खे क्रीडांगण छपराखाली घेऊन थंड केले होते. त्यांनी १९६८ साली ‘अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड’ उघडले, तेव्हा तेथे उघड्यावरील विसाव्याच्या जागांत आणि रांगांतही गार हवेचे झोत सोडण्याची तजवीज केली. आकाशाला थंड करण्याचा हा अट्टहास मला उधळपट्टीचा वाटतो. पण रांगेतले मूल हा धोक्यातला जीव आहे, हे ज्याने ओळखले त्याला त्या ओळखीचे श्रेय दिलेच पाहिजे.

कारण धोका खरा आहे. वजनाच्या मानाने बालकाच्या शरीराचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा अधिक असतो. भोवतालची हवा शरीराहून तप्त झाली की तेच शरीर बाहेरची उष्णता अधिक वेगाने ओढून घेते. त्याची उंची थोडी, त्यामुळे तापलेल्या जमिनीची धग त्याला जवळून लागते. आणि खेळात गुंतलेले मूल तहान लागली तरी बोलत नाही. बाबागाडीवर उन्हासाठी जाड चादर पांघरणारी आई प्रेमानेच तसे करते, परंतु वारा कोंडला गेल्याने आतील हवा बाहेरच्याहून तापते.

फ्लोरिडाची नगरी १ ऑक्टोबर १९७१ रोजी, म्हणजे उन्हाळा सरल्यावर, उघडण्यात आली. तेथील हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीराला थंड करीत नाही. याच प्रांतातील विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी १९६५ साली घामाघूम होणाऱ्या खेळाडूंसाठी पाणी, साखर आणि क्षार यांचे पेय सिद्ध केले. गूळ आणि मीठ घालून कैरीचे पन्हे करणाऱ्या आमच्या घरांना त्यामागचे मर्म अनुभवाने ठाऊक होते. याच प्रांतात, ऑर्लँडो येथे, १९७७ साली जॉर्ज मिले यांनी ‘वेट अँड वाइल्ड’ ही केवळ जलक्रीडेची नगरी उघडली, आणि तेथून पाण्याच्या उद्यानांची साथ जगभर पसरली.

ती आपल्याकडेही आली. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली ‘एस्सेल वर्ल्ड’ निघाले, आणि त्याला लागून ‘वॉटर किंग्डम’ आले ते १९९८ साली. पाळणे आधी, पाणी मागाहून, हा अमेरिकेतील क्रम येथेही चुकला नाही. त्याआधीची आमची बालोद्याने, मलबार टेकडीवरील म्हातारीच्या बुटाची बाग किंवा पुण्याचे पेशवे पार्क आणि त्यातील १९५६ साली धावू लागलेली फुलराणी, ही आटोपशीर होती, घराजवळ होती, आणि मुलांना तेथे ऊन उतरल्यावर नेण्याची वहिवाट होती. दिवसभराचे तिकीट काढले की ही वहिवाट मोडते, कारण मोजलेले पैसे वसूल करण्याच्या भरात दुपार टाळण्याचे भान सुटते. मे महिन्यात बाराच्या उन्हात लालबुंद चेहऱ्याने रांगेत उभी असलेली मुले पाहून माझा जीव खरोखर कासावीस होतो.

ज्या कुटुंबांना फ्लोरिडाचा अनुभव आहे, ती दरवाजे उघडताच आत शिरतात, दुपारी निवासावर परततात, मुलांना डुंबवून, जेवू घालून निजवतात आणि संध्याकाळी पुन्हा येतात. कारभाऱ्यांनीही याला अडथळा केला नाही. पिण्याचे गार पाणी आता तेथील खाद्यगृहांतून विनामूल्य मागता येते, तान्ह्या मुलांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र थंड दालने आहेत, आणि दुपारी बाहेर पडणाऱ्याला त्याच दिवशी त्याच तिकिटावर परत येऊ देण्याचा रिवाज तर जुना आहे. त्यासाठी कित्येक वर्षे हातावर डोळ्यांना न दिसणाऱ्या शाईचा शिक्का मारीत, आणि संध्याकाळी दरवाजावरील विशिष्ट दिव्याखाली तो शिक्का उमटला की झोप काढून आलेले मूल पुन्हा आत सोडले जाई.